बोटीत चढायची फळी

सौ. हिस,

मी मजेत आहे, खोकलाही गेला. तुझा गुडघा कसा आहे? खरं लिही.

प्रवासी बोटी रिकाम्या का जातात, यावर इथले प्राध्यापक संशोधन करताहेत. जुना बोटवाला म्हणून मला बोलावलंय. प्रश्नावलीत सगळ्यांनी ‘वेळ नाही’ असं लिहिलं, म्हणून त्यांच्यातला इंजिनिअर वेगवान बोटीचा आराखडा काढत बसला होता. मी मात्र सकाळभर धक्क्यावर कान देऊन उभा राहिलो.

एक आजी बोटीत चढायच्या फळीपाशी थबकल्या. “वेळ ढीगभर आहे रे, पण ही मेली डुगडुगते!” त्या वळल्या, तशी घरची सात माणसंही वळली.

हे सांगितलं, तशी त्यांच्यातल्या अर्थशास्त्राच्या बाईंनी कपाळावर हात मारला. “एका फळीपायी आठ तिकिटं गेली!” आता इंजिन राहिलं बाजूला, आधी रुंद, कठड्याची फळी होतेय.

तेव्हा आठवलं, वीस वर्षं तूही फळीपाशी येऊन म्हणतेस, “तुम्ही व्हा पुढे, मला कामं पडलीत.” अगं, एवढा तिखट कानाचा मी, आणि घरचंच ऐकू आलं नाही!

तशीच फळी आपल्या बोटीला करतो. पहिलं पाऊल तुझं. आणि कामांचं म्हणशील, तर त्या दिवशी भांडी मी घासतो.

तुझाच,
उशिरा ऐकू आलेला