न निघणारी पाटी

डहाणू, मंगळवार, संध्याकाळ

चिंचणीच्या बायकांच्या सुक्या मासळीची वेबसाइट मी सांभाळतो. पावसाळ्यातली मासेमारीबंदी संपून बोटी केव्हाच समुद्रात गेल्या, नवे बोंबील वाळले, तरी वेबसाइटवर पाटी तीच : 'बोटी किनाऱ्याला, विक्री बंद.'

आज त्या पाटीची फाइल पुसायला गेलो तर 'परवानगी नाही'. खातं आमचं, पासवर्डही आमचाच, फाइलीची मालकी मात्र सर्व्हरची. वेबसाइट ठेवणाऱ्या होस्टिंग कंपनीच्या सामायिक सर्व्हरवर आपण भाडेकरूच, पण इतके?

तेवढ्यात त्या बायकांपैकी मंगलाताईंचा फोन. "भाऊ, गिऱ्हाईक दुसरीकडे चाललंय. बोंबील घरात पडलेत, तुमची पाटी उतरणार कधी?"

"कंपनीचा घोळ आहे, ताई."

होस्टिंगवाल्यांना तणतणून लिहिलं. त्यांनी तासाभरात फाइल काढली आणि उत्तरासोबत पावसाळ्यातला माझाच अर्ज जोडला : 'बायका जुना माल विकायला पाटी सारखी काढतात. फाइल अशी बंद करा की कुणालाच काढता येऊ नये.' कुणालाच म्हणताना मी स्वतःला धरलं नव्हतं.

पाटी उतरल्याचं मंगलाताईंना कळवलं. म्हणाल्या, "कंपनीचा भरवसा नाही, भाऊ. यापुढे सगळं तुमच्याच हातात ठेवा."

ठेवतो म्हणालो.