माशाच्या खोलीतला ब्रेकर

२ फेब्रुवारी
तळ्याच्या बर्फाला भोक पाडून धरलेला माझा वॉलआय मासा पेंढा भरून आला. वर्नाच्या शिवणखोलीत टांगला. लांब खिळा, भिंतीत सरळ आत. वर्ना म्हणाली, माझ्याच खोलीत कशाला? असा मासा जन्मात एकदाच मिळतो. बायकोचं तसं नाही. (हे बोललो नाही.)

५ फेब्रुवारी
वर्नाने इस्त्री लावली की तळघरातला ब्रेकर खट्. हे नवे ब्रेकर फार हळवे. वायरीत ठिणगी उडाल्याचा नुसता संशय आला की रुसून बसतात.

११ फेब्रुवारी, सकाळ
पुन्हा खट्. नात सिग्ने हिच्या लग्नाची गोधडी अडली आहे. वर्नाच्या लग्नाच्या झग्याचे, लेकीच्या झबल्यांचे तुकडे आहेत तीत. इलेक्ट्रिशियन बोलावू का म्हणाली. हसलो. मी वीज झटके खाऊन शिकलोय.

दुपार
इस्त्री नवी आणली. खट्. वर्ना म्हणते, मासा टांगल्यापासून हे सुरू झालं. बिचाऱ्या माशावर तिचा पहिल्यापासून राग.

१५ फेब्रुवारी
हळवा ब्रेकर काढून गॅरेजमधला जुना, साधा बसवला. इस्त्री तापली. खट् नाही! वर्नाने खुशीत बटाट्याचं हॉटडिश केलं. दोनदा वाढून घेतलं.

२० फेब्रुवारी
बाहेर हाडं गोठतात, पण माशामागची भिंत हाताला छान ऊबदार लागते. जुन्या ब्रेकरचा हाही फायदा.

२३ फेब्रुवारी
वर्नाला जळका वास येतो म्हणे. इस्त्रीचा असणार. गोधडीची फक्त किनार राहिली आहे.

२७ फेब्रुवारी, मोटेल
घर आहे. शिवणखोली नाही. वर्ना चर्चमध्ये कॉफीला गेली होती, इस्त्री चालू ठेवून. (तिचीही चूक आहेच.) धूर दिसताच जिवाची पर्वा न करता आत घुसलो आणि हाताला लागलं ते वाचवलं. अग्निशामकवाले म्हणाले, खिळा वायरीत घुसलेला, ब्रेकर बदलला नसता तर काही झालं नसतं. पोरं आहेत, शिकतील.

वर्ना परतली तेव्हा मी अंगणात बर्फात उभा होतो, मासा कवटाळून. तिने माशाकडे बोट दाखवलं.

"गोधडी त्याच्याच खाली टेबलावर होती, ऑर्विल."

मग लेकीच्या गाडीत बसून गेली. राग उतरला की येईल.

इथली भिंत चांगली आहे. काउंटरवर खिळा मागितला, देत नाहीत. सध्या मासा पलंगावर वर्नाच्या बाजूला ठेवलाय.