बेटावरचे साहेब आणि आपल्या घरातलं मतदान

बाबा, तुमच्या ऑफिसातले ते बेटावरचे साहेब आठवतात का? युरोपातल्या एका देशाच्या ताब्यातल्या, समुद्रापारच्या चिमुकल्या बेटावर ते पूर्वी पुढारी होते. वर्षानुवर्षं वाटाघाटी करून त्यांनी बेटाला आपला कारभार आपण बघायचा हक्क मिळवून दिला. फौज आणि परराष्ट्र व्यवहार तेवढे त्या देशाकडे राहिले. मग बेटावरच्या लोकांनी नव्या हक्कानं पहिली निवडणूक घेतली आणि साहेबांनाच पाडलं. म्हणून बिचारे सौदीतल्या जुबैलमध्ये कंपनीच्या लोकांच्या व्हिसाचे कागद भरत बसायचे. तुम्हाला त्यांचं कोण कौतुक! रोज भातावर वरण पडायच्या आधी आमच्या ताटात ते बेट वाढलं जायचं.

घरात मात्र सगळा अंमल तुमचा. आखातातलं युद्ध तोंडावर आलं तेव्हा आईला न विचारता तुम्ही आम्हा दोघींना चिपळूणला धाडायचं ठरवून टाकलंत. एका दुपारी साहेब आमच्या परत जायच्या व्हिसाचा फॉर्म घेऊन आईच्या सहीसाठी घरी आले. चहा घेता घेता तुम्ही त्यांना पुन्हा बेटाची गोष्ट सांगायला लावलीत. आई दारात उभी राहून ऐकत होती, ती तिच्या त्या हिंदीत म्हणाली, "साहब, फिर हमारे घर में भी वैसाच करो. फौज और परदेश इनके पास. हम किधर रहेंगे, वो हम देखेंगे."

आखातात राहून साहेबांना तेवढी हिंदी कळत होती. ते इतके हसले की चहा टायवर सांडला. म्हणाले, "मग मत घ्या." तुम्ही लालबुंद. "साहेब, पोरगी अकरा वर्षांची आहे!"

"आम्हालाही त्या देशाचे लोक हेच म्हणायचे, अजून लहान आहात."

आईनं हात वर केला, मी केला. दोन विरुद्ध एक. साहेबांनी फॉर्म घडी करून खिशात घातला. विषारी वायू आत येऊ नये म्हणून तुम्ही रागारागानं खिडक्यांना चिकटपट्ट्या लावायला घेतल्यात, बाल्कनीचं दारही सील केलंत, आणि आईचे सांडगे बाहेरच अडकले. पुढे सायरन वाजला की तिच्या अंबाड्यामुळे मास्कचा पट्टा बसायचा नाही. तुम्ही ओरडायचात, "अगं, केस सोड!" "फौजेचं खातं तुमचं," म्हणत ती अंबाडा सोडायची.

नंतर कितीतरी वर्षं तुम्ही पाहुण्यांना सांगत होतात, आमच्या पोरीला तेव्हाच लोकशाही कळली होती. हे पत्र वहीतच राहणार आहे, तेव्हा कबूल करते. मला काहीही कळलं नव्हतं, बाबा. मी फक्त घाबरले होते. फॉर्मवर जाणाऱ्यांची दोनच नावं होती, आणि तुमचं त्यात नव्हतं.