वाढलं म्हणजे काय

११ नोव्हेंबर, मंगळवार
परभणीहून डॉक्टर रेणुकाताईंचा फोन. सकाळी सेलूत दीपिकाचं रक्त दिलं होतं – कॅन्सरच्या औषधाचा पुढचा डोस द्यायच्या आधी तपासतात ते. "साधनाताई, सीआरपी, म्हणजे रक्तातल्या सुजेचा आकडा, वाढलाय. पांढऱ्या पेशीही कमी आहेत. लगेच घेऊन या." मी म्हटलं, ताप नाही, पोरगी खेळतेय. त्या म्हणाल्या, "रक्तातली सूज कधीकधी तापाच्या आधी दिसते. आकडा भविष्य सांगत नाही, पण धोका कुणाला जास्त ते कळतं."

मी फोन घेऊन आहे तिथंच खाली बसले. तोंडातून एवढंच आलं – सीआरपी वाढलं. तर सासूबाईंनी नारळच काढला! "बांगडी वाढली म्हंजी फुटली. तसं ह्ये बी वाढलं. सुटली माजी पोर." दीपिका पोट धरून हसली. आमच्या या सासूपुढं, भिवराबाईंपुढं, कुणी डोकं फोडावं! मी ओरडले, तरी आमच्याकडं पाठ करून नारळ वाढवत बसल्या, उठेचनात. पण पोरीच्या हसण्यानं मी जरा भानावर आले. पिशवी भरली, गाडी बोलावली.

१२ नोव्हेंबर
काल दवाखान्यात पोचलो आणि तासाभरात ताप एकशे तीनवर. सलाईनमधून औषध आधीच सुरू होतं. घरीच बसलो असतो तर – नको तो विचार.

१३ नोव्हेंबर
ताप हटेना. हे मेंढरं घेऊन गंगाखेडकडं गेलेत. फोनवर विचारतात, "पोर काय म्हणायलीय?"

१६ नोव्हेंबर, रविवार
उतरला! सीआरपी निम्म्याच्याही खाली. दीपिकानं मागून खिचडी खाल्ली. रेणुकाताईंचे उपकार, रक्त काढणाऱ्या सुकेशनीचे उपकार, त्या एवढ्याशा नळीतल्या रक्ताचेसुद्धा! सासूबाईंना फोन करून चिडवलं – आकडा उतरलाय, आता रडत बसू नका. त्या नुसत्या "बरं बाई" म्हणाल्या.

१९ नोव्हेंबर
घरी आलो. दीपिका सहज बोलून गेली, "आई, आजीला ठाव होतं वाढलं म्हंजी काय. नारळ फोडताना रडायलती. आधीच माज्या कानात म्हणली, मी येडी बनते, तू हस. तुजी आई भिऊन बसली तर तुला नेईल कोण?"