जलविहारचा इतिहास

८ जानेवारी
गावच्या वाचनालयाला शंभर वर्षं होतायत. स्मरणिकेसाठी माझ्याकडून दोन पानं हवीत – आमच्या 'हॉटेल जलविहार'चा इतिहास! वडिलांनी काढलेलं, बंदरासमोरचं, गावातलं पहिलं हॉटेल. आता तिथे गाड्या लावतात म्हणे. पत्राच्या शेवटी – 'तुमचे बंधू मोहनराव म्हणाले, ताईच लिहील.'
वा! विकायचं त्याने, लिहायचं मी.

११ जानेवारी
सकाळपासून चार ओळी झाल्या. इंदुरात विचारणार कुणाला? हे गेल्यापासून या घरात जलविहार पाहिलेली मी एकटीच. शमिका फोनवर म्हणाली, "आई, नेटवर बघ ना." बघितलं. त्या नावाची हॉटेलं ढिगाने आहेत, आमचं नाही. मग तिची मीटिंग सुरू झाली.

१२ जानेवारी
शेवटच्या एसटीचं ताट आठवलं. गिऱ्हाईक येवो न येवो, आई एक ताट झाकून ठेवायची. 'लांबून आलेला माणूस उपाशी झोपायला नको.' कुणी आलं नाही तर ते गार ताट तिचं. मी आणि मोहन तिला चिडवायचो – आलं बघ तुझं गिऱ्हाईक! आज लिहिताना हसू आलं नाही. तीस वर्षं ती बाई गार आमटी-भात जेवली.

१४ जानेवारी
संक्रांत. तिळगूळ केला, खायला खालचा भूषण तेवढा. म्हणाला, "काकूजी, भाऊ तिथेच राहतो ना? मग फोन लावा, पूछ लो. काय तुम्ही पण!"
म्हटलं, आमचं बोलणं नाही.
"कब से?"
"चौदा वर्षं."
त्याने गुपचूप दुसरा लाडू घेतला.

१९ जानेवारी
आई गेली आणि सहा महिन्यांत जलविहार पाडलं. मला एका शब्दाने विचारलं नाही! कळलं तेही गावच्या बाईकडून, लग्नात, जिलबी वाढता वाढता. तेव्हापासून राखी बंद, फोन बंद. त्याने दोनदा केला होता, मी उचलला नाही.
आज शेवटचं वाक्य लिहिलं – 'पुढे मुलाने हॉटेल विकून टाकले.' नाव घातलं नाही, पण गावाला कळेल. कळू दे.
फक्त विक्रीची तारीख राहिली. शारदावहिनीला मेसेज टाकला. मोहनला सांगू नकोस म्हटलं.

२० जानेवारी
तिने वाचलाय. उत्तर नाही. दिवसभरात सात वेळा फोन बघितला, लाज वाटते.

२१ जानेवारी
कृष्णपुऱ्यापर्यंत चालून आले. भाजीवाल्याला बोटानेच दाखवलं.

२२ जानेवारी
वहिनीने साठेखताचा फोटो पाठवला. विकणारी – आई! तारीख आई जायच्या आधीच्या भाऊबीजेची. साक्षीदार – मी. माझीच सही, शाळेत शिकवताना रजिस्टरवर करायचे तशी ठसठशीत. हातात ओवाळणीचं ताम्हन होतं, आई म्हणाली, "इथे सही कर गं." माहेरचा कागद, त्यात वाचायचं काय? केली. मोहनचं नाव कुठेच नाही.
खाली वहिनीचं – 'वन्सं, हे म्हणतात, ताई आईवर रागावण्यापेक्षा माझ्यावर रागावलेली बरी.'

२३ जानेवारी
मोहनला फोन लावला. त्याने पहिल्याच रिंगला उचलला. "बोल ताई," म्हणाला. म्हटलं, शेवटचं वाक्य खोडलंय, आता तू सांगशील ते लिहिते.