घसरणार न्हाय अशी प्लेट

२० जुलै १९८६, पुणे
आजपासून रोज लिहायचं. शाळा चौथीत सुटली, पण अक्षर बरं आहे.
गॅरेजमागं पडलेली जुनी फियाट मालकानं मला देऊन टाकली. तिला म्या दोन कार्बोरेटर बसवले, हेड घासून घेतलं. इंजिन आता वाघ झालंय. फक्त क्लच घसरतो. इंजिन बोंबलतं आणि चाकं जागच्या जागी. साधी प्लेट एवढ्या ताकदीला पुरत न्हाय. टिकाऊ बघून बसवायची.
गावी सोनारीला आबांना पत्र टाकलं. पंचमीला सुमनला आणायला तिच्या सासरी तेरला तुम्ही जाऊ नका. ह्या साली मुराळी मी. बहीण भावाच्या गाडीतनं माहेरी येणार.

३ ऑगस्ट
प्लेटीला ट्रकची लायनिंग रिबिटा मारून बसवली. आता जन्माची काळजी मिटली.

४ ऑगस्ट
दिवे घाटात जळाली. दोष लायनिंगचा न्हाय, घाटाचा.

१४ ऑगस्ट
पंचमी झाली. आबांचं पत्र आलं, मास्तरांकडनं लिहून घेतलेलं. सुमन सकाळपासून गाठोडं घेऊन उंबऱ्यात बसली होती म्हणे. मुराळ्याबिगर सासू पाठवीत न्हाय. आईनं केलेली पुरणाची दिंडं शेजारी वाटली. तू नको म्हणला नसतास तर मी एसटीनं जाऊन आणली असती, असं आबा लिहितात.
म्हाताऱ्या माणसांना घाई फार. क्लच काय घाईनं निवडायची चीज आहे?

७ सप्टेंबर
आमचे शिवप्पा उस्ताद उमरग्याकडचे. हातात जादू, पण इचार जुने. म्हणाले, साधी प्लेट घाल आणि हळू चालव. म्या सांगितलं, मला अजिबात न घसरणारी पाहिजे. उस्ताद हसले. म्हणाले, "थोडं घसरल्याबिगर गाडी जागची सुटत न्हाय रे बाबा."
चहा पाजला. ऐकून घेतलं. सोडून दिलं.

६ नोव्हेंबर
भाऊबीज पण गेली. मात्र काम झालं. शर्यतीत गाडी पळवणारा एक शेट भेटला. त्याच्याकडं तांब्याच्या बटणांची प्लेट आहे, कडक स्प्रिंगांची. जुनी झाली की तुला देतो म्हणाला. दर रविवारी त्याची गाडी धुतो.
सुमनला कळवलं, संक्रांत पक्की.

२० जानेवारी १९८७
संक्रांत गेली. शेटची प्लेट काही केल्या जुनी होत न्हाय. म्हंजे टिकाऊ आहे, हे सिद्ध झालं.

३ मार्च
शेटनं गाडीच विकली. प्लेट मला! बसवली. घाटात सरळ वर. घसरणं नाव न्हाय. पेडल दाबून मांडी भरून आली, तेवढं चालायचंच.

१९ मार्च
तार आली. आई लई आजारी. सुमनचं नाव घेते. तिला घेऊन ये.
उस्ताद म्हणाले, "बब्रुवान, एसटीनं जा." म्या म्हणलं, एसटीपेक्षा चार तास आधी पोचतो. वजन कमी करायला मागची सीट, जॅक, इंजिन हातानं फिरवून चालू करायचं हँडल गॅरेजात काढून ठेवलं.

२० मार्च, सकाळ, तेर
सुमन दोन वर्षांनी दिसली. वाळलीय. पंचमीचं काही बोलली न्हाय. मच्छिंद्र दाजी म्हणाले, "मुराळी आले, पर सण कंचा म्हणायचा ह्यो?" हसण्यावारी नेलं. निघालो.

२० मार्च, दुपार
बार्शीच्या पुढं बसून लिहितोय. रस्ता जनावरांनी भरलाय. दुष्काळाच्या छावणीला चाललीत, हाडं नुसती. त्यांच्या मागं हळू हळू सरकायचं तर ही प्लेट सरकू देत न्हाय. एक तर गाडी उडी मारती, न्हाय तर बंद पडती. सुमनचं डोकं दोनदा काचेवर आपटलं. स्टार्टर मारून मारून बॅटरी बसली. गुराख्यांनी ढकलून बघितलं. हँडल पुण्यात.
मागनं परांड्याची एसटी आली. सुमन गाठोडं घेऊन उतरली. म्हणाली, "दादा, तू ये मागनं. आई वाट बघत आसल."
म्या सांगितलं, तुझ्या आधी पोचतो.

२१ मार्च, सोनारी
सकाळी पोचलो. परांड्यापर्यंत गाडी एका ट्रकमागं बांधून आणली, तिथनं बैलांनी ओढली.
आई रातीच गेली.
सुमन दोन तास तिच्याजवळ होती. आईनं तिला विचारलं, बब्रूची गाडी आली का. मला सांगताना सुमन चुलीकडं बघत होती. "म्या म्हणलं, आली. दारात उभी हाय. तिच्यातनंच आले."

४ एप्रिल
सुमनला सासरी मी गाडीतनं सोडतो म्हणलो. आबा म्हणाले, राहू दे. दोघं सकाळच्या एसटीनं गेली.
घरात कुणी न्हाय. दुपारी क्लच खोलला. प्लेट जराही झिजली न्हाय. दहा वर्षं सहज जाईल.