धाकट्याकडचा अर्धा पडदा

मी, खाली सही करणारी, छापखान्यातली निवृत्त मुद्रितशोधक, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहिते आहे. शरीर थकले आहे, डोके जाग्यावर आहे. तसा दाखला डॉक्टरांनी सोबत जोडलाच आहे. त्यातली एक वेलांटी मी दुरुस्त करून घेतली.

१. राहते घर आणि बँकेतली ठेव भाचीला. ती धाकट्या भावाची मुलगी. बापाचा डोळा चुकवून माझे सगळे करते. बाकीच्यांनी नाके मुरडू नयेत. आजारपणात एकही फिरकला नाही.

२. शिलाई मशीन कामवाल्या मावशींना. त्याचा पट्टा आधी बदलून द्यावा.

३. आता पडदा. बाबा बोटीवर नोकरीला होते. त्यांनी जपानहून घडीच्या पडद्यांची, जमिनीवर उभ्या राहणाऱ्या, जोडी आणली. सोनेरी कागदावर क्रौंच पक्ष्यांचा थवा. बाबा गेल्यावर आईने, मुलांत भेदभाव नको म्हणून, एक मला दिला, एक धाकट्याला. दोन्ही मिळून एकच चित्र आहे, हे त्या माउलीच्या ध्यानातच आले नाही. माझ्या उजव्या कडेला एका क्रौंचाचे नुसते पाय आहेत. उरलेला पक्षी धाकट्याच्या स्वयंपाकघरात गॅसची टाकी झाकतो!

४. हे कोणी रंगवले, ते शोधण्यात माझी निवृत्ती गेली. संग्रहालयांना फोटो पाठवले, जपानी चित्रकारांच्या शिक्क्यांची पुस्तके भिंगाखाली घातली. अखेर एका संग्रहालयातल्या बाईंनी कळवले की अशा जोडीत चित्रकाराची सही बहुधा बाहेरच्या कडांना असते. माझी ती कड, म्हणजे डावी, वाळवीने खाल्लेली. म्हणजे सही उरली असेल तर धाकट्याकडे, तळणाच्या धुरात. मी तशीच धावत गेले. म्हटले, "अरे, तो तेवढा तिथून हलव. निदान कोपरा तरी बघू दे."

"ताई, तुला पडदा बघायचाय, भावाला नाही," तो म्हणाला. "मेलीस तरी मिळायचा नाही." आणि दार लावून घेतले.

५. म्हणून माझा पडदा मी त्यालाच देते. दोन्ही शेजारी उभे करावेत, संग्रहालयातल्या बाईंना बोलवावे, आणि टाकीसाठी दुसरे काहीही शोधावे. विकलेच तर जोडीने विकावेत.

६. वकीलबाई म्हणतात, मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचायचे असते. मला तेवढा धीर नाही. भाचीने याची प्रत आजच बापाच्या हातात द्यावी. डॉक्टर हल्ली माझ्याशी बोलताना खिडकीबाहेर बघतात.

धाकट्या, चित्रकाराचे नाव कळले नाही तर मी तळमळत जाईन, हे खरे आहे. पण काल कडी वाजली तेव्हा मला पडदा आठवला नाही रे. वाटले, तूच आलास. दूधवाला होता. पडदा आणायचा नसेल तर नको आणूस. तू ये.

सही: मृत्युपत्र करणारी, धाकट्याची ताई

आम्हा दोघांसमक्ष, एकाच बैठकीत सही झाली:
१. घरचे डॉक्टर
२. शेजारच्या पोस्टमास्तरीणबाई

स्थळ: राहते घर, पुढची खोली
दिनांक: आजचाच, वकीलबाईंनी शिक्क्याखाली घातला आहे